धावपट्टीवरचं तोरण

बाहेरचा माणूस बुलढाणा जिल्ह्यात उतरला की तो शेगावला दर्शनाला आला असणार, असं इथले लोक धरूनच चालतात. नांदुऱ्याच्या स्टेशनाबाहेर टांगेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि तो कळवळून म्हणाला, "लवकर उतरले ना साहेब! शेगाव पुढे हाये. झोपेत उतरले काय?" मला जळगाव जामोदला जायचंय असं सांगितल्यावर तर मी चुकलोय याबद्दल त्याची खात्रीच पटली. "तिकडे काय हाये? नुसती पऱ्हाटी अन् सातपुडा."

मला पऱ्हाटीच पाहायची होती. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. तिच्यावर विमानातून औषध फवारायचं काम या भागात नुकतंच सुरू झालं होतं, आणि ते काम आपण करावं की काय, हे ठरवायला मी आलो होतो.

मी वैमानिक. डाकोटाचा कॅप्टन. ज्यांनी डाकोटा पाहिलं नसेल त्यांना सांगतो: दोन पंख्यांचं हे विमान जमिनीवर शेपटी टेकून बसतं, त्यामुळे आत शिरलं की चढण चढून पुढं जावं लागतं. पावसात खिडकीच्या फटीतून वैमानिकाच्या मांडीवर पाणी गळतं. या विमानानं मला बायको मिळवून दिली, दादरला दोन खोल्या मिळवून दिल्या आणि गळ्यात 'कॅप्टन सबनीस' हे नाव अडकवलं. आता ते मोडीत निघणार होतं. टर्बाइनची नवी विमानं यायला लागली होती. कँटीनमध्ये रोज नवी बातमी फुटायची. कुणी म्हणे डाकोटा दिवाळीपर्यंत, कुणी म्हणे होळीपर्यंत. नव्या विमानात वैमानिकच रेडिओवर बोलणार, म्हणून रेडिओ ऑफिसरांवर आधी संक्रांत आली. त्यांतल्या एकानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याच्या दुकानावरून जाताना आम्ही सगळे उगाच घाईत असल्यासारखे चालायचो.

मला काढणार नव्हते, हे कबूल करायला हवं. नव्या विमानाचं शिक्षण मिळणार होतं. पण शिक्षण घेतलं की डावीकडची कॅप्टनची खुर्ची सोडून पुन्हा उजवीकडे, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसायचं. किती वर्षं, ते कुणी सांगत नव्हतं. आणि डावीकडे कोण, तर नवं विमान माझ्याआधी शिकलेला भास्कर. त्याला विमान उतरवायला मी शिकवलं. पहिल्या उतरण्याला त्यानं डाकोटा असं आपटलं होतं की मागच्या प्रवाशांच्या कवळ्या निखळल्या असतील. त्या भास्करला मी विचारायचं, "चाकं खाली घेऊ का?" गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती अशी, हे मला पंचेचाळिशीत कळत होतं.

अशात मोडक घरी आला. हा माझा जुना सहवैमानिक. डाकोटाची लक्षणं ओळखून तो आधीच बाहेर पडला आणि एका खासगी फवारणी कंपनीत लागला. म्हणाला, "सर, आमचे मालक अनुभवी माणूस शोधताहेत. तिथं वर कुणी नाही. तुम्ही, विमान आणि शेत." रजा संपेपर्यंत मला नव्या विमानाच्या शिक्षणाला हो की नाही ते आमच्या ऑफिसला कळवायचं होतं. शालिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, डबा बांधून देताना एवढंच सांगितलं, "तुम्ही काय ते ठरवा. पण ठरवून घरी या, घरी येऊन ठरवू नका." मला घरी विचार करताना तिनं पुष्कळ पाहिलं होतं.

पूर्णेकाठी

नांदुऱ्याहून जळगाव जामोदची एस.टी. वेळेवर सुटली आणि पूर्णा नदीपाशी थांबली. वर सातपुड्यात पाऊस झाला होता. फरशीच्या पुलावरून गढूळ पाणी चाललं होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, चप्पल काढली आणि सीटवर पाय घेऊन बसला. पाणी कधी उतरेल, असं मी कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "उतरन तवा उतरन. नदीले काय टायमटेबल हाये?"

मुंबईत एवढ्यावर डेपो मॅनेजरकडे तक्रार गेली असती. इथं लोकांनी निवांत फडकी सोडली. माझ्या शेजारी नाकात ठसठशीत नथ घातलेली एक बाई होती. तिनं माझ्या हातावर न विचारता ज्वारीची भाकर ठेवली, तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. मी शालिनीचा डबा पुढं केला. तिनं साखर घातलेली बटाट्याची भाजी चाखली आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"बिमार हाये काय तुमी?"

नाही म्हटलं. मग कुठले, काय करता, लेकरं किती. विमान चालवतो म्हटल्यावर तिनं घास हातातच ठेवला.

"मंग येस्टीत काऊन बसले?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कुणीतरी तांब्या पुढं केला, कुणीतरी गुळाचा खडा दिला. नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांनी मला त्या नदीकाठी असं जेवू घातलं की पाणी उतरलं तेव्हा थोडं वाईटच वाटलं.

मुरमाची पट्टी

मोडक स्टँडवर घ्यायला आला होता. पुढं गावापर्यंत बैलगाडी. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जे घडलं त्यात मानपानाचा प्रश्न आहे, आणि मानपानाच्या गोष्टी छापून आल्या की जास्त चिघळतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, काळ्या रानातलं गाव, एवढं पुरे.

धावपट्टी म्हणजे नामदेव आबांचं पडीक रान. आबा सत्तरीच्या घरातले, उंच, पांढरं मुंडासं, आवाज भरदार. विमान उतरवायला जागा हवी म्हटल्यावर त्यांनी गावाला जमवून आपल्या रानातले दगड वेचले, मुरूम टाकून घेतला आणि रूळ फिरवला. पावसात सगळं गाव चिखलात रुतलं तरी ती पट्टी कोरडी असायची. तिच्या टोकाला कंपनीचं पिवळं विमान उभं होतं. दोन माणसांचं, पण मागच्या माणसाच्या जागी औषधाची टाकी बसवलेली. डाकोटाच्या पुढं ते खेळण्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोडकचं काम पाहिलं. शेताच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस झेंडा घेऊन उभा राहतो. त्या दोन झेंड्यांच्या रेषेत विमान पऱ्हाटीला घासून जाईल इतकं खाली येतं, औषध सोडतं आणि बांधावरच्या बाभळींवरून उडी मारून वर जातं. मग झेंडेवाले मोजून पावलं सरकतात आणि पुढचा पट्टा. झेंडेवाल्यांचा म्होरक्या होता इंगळे गुरुजी. गावच्या शाळेत मास्तर, तिशीचा, अंगानं सडसडीत. शाळेला सुटी असली की तो ही कामगिरी करायचा. लाल झेंडा म्हणजे येऊ नको, पांढरा म्हणजे ये. "पोरायले पाढे शिकवन्यापरिस हे सोपं हाये सर," तो मला म्हणाला. "हे इमान एका बारीत ऐकते."

मोडक खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते आणि अंगाला औषधाचा वास येत होता. पण चेहरा खुललेला. विहिरीवर हातपाय धुताना मी त्याला खरं काय ते विचारलं.

"खरं सांगू का सर? पावसाळा ते दिवाळी काम. पुढचं मालक जाणे आणि देव जाणे. विजेच्या तारा दिसल्या नाहीत तर खेळ खलास. पेन्शन वगैरे विसरा." त्यानं डोळ्यांवर पाणी मारलं. "पण इथं मला उजवीकडे बस असं म्हणणारा कुणी नाही."

त्याचं शेवटचं वाक्य बरोबर माझ्या दुखण्यावर बसलं. मी जवळजवळ तिथंच हो म्हटलं असतं.

आवतण

त्या दिवशी पोळ्याची आदली संध्याकाळ होती. मी मूळचा पुण्याचा. आमच्याकडे पोळा म्हणजे मातीचे बैल, पाटावर मांडून पुरणाचा नैवेद्य. इथं खरे बैल, आणि त्यांचा थाट जावयाला मिळणार नाही असा. आबांच्या गोठ्यात बायका तूप आणि हळद घेऊन आल्या. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे आधी पळसाच्या पानांनी कोमट पाणी लावून शेकले, मग तुपाहळदीनं चोळले. आबांनी एकेका बैलाच्या कानाशी जाऊन, घरच्या वडीलधाऱ्याला सांगावं तसं सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

आवतण घेतलेल्या बैलाच्या मानेवर दुसऱ्या दिवशी जू ठेवत नाहीत. मग आबा वाटी घेऊन पट्टीकडे चालायला लागले आणि आम्ही मागोमाग. विमानापाशी थांबून त्यांनी दोन्ही पंख जिथं धडाला जुळतात तिथं तूपहळद चोळली.

"हेबी शेतातच राबते ना," ते म्हणाले. मग पंख्याशी वाकून, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." आणि मोडककडे वळून, "उद्या याले काम नाही."

"हो हो," मोडक हसत म्हणाला.

मीही हसलो. म्हातारा हौशी आहे, असं मनात म्हटलं. तूप पुसायला सकाळी रॉकेल लागेल, असंही म्हटलं. आबांनी आमच्याकडून शब्द घेतला होता आणि आम्ही तो दिला होता, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही.

पोळा

सकाळी मोडक म्हणाला, फवारणी नाहीच आहे, तर टाकी काढून मागं खुर्ची बसवू आणि अकोल्याला जाऊन फवाऱ्याचा बिघडलेला पंप दुरुस्त करून आणू. दुपारी परत. तुम्हालाही बसून पाहता येईल. आम्ही उडालो. गावानं आम्हाला जाताना पाहिलं आणि सरळ अर्थ लावला: सण आहे, साहेब लोक आपापल्या घरी गेले असतील. पोळ्याच्या दिवशी कुणी काम करतं, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

अकोल्याला मेकॅनिक सणाला गेलेला. तो सापडला, पंप झाला, तोवर उन्हं कलली. परतताना वारा समोरून. मी मागच्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो, हाताशी काहीच नाही. इतक्या वर्षांत विमानात रिकाम्या हातानं बसायची वेळच आली नव्हती. सुरुवातीला मी मनातल्या मनात मोडकच्या चुका काढत होतो. मग तेही थांबलं. खाली ओली काळी रानं, मधून हिरवी पऱ्हाटी, पुढं सातपुडा. मी खिडकीला नाक लावून बसलो.

पट्टीवर उतरायला पश्चिमेकडे तोंड करावं लागतं, आणि सूर्य अगदी नाकासमोर. मोडक डोळे बारीक करून उतरत होता. मला बाजूच्या काचेतून माणसं दिसली. पुष्कळ माणसं, बैल, झुली, रंगवलेली शिंगं. पट्टीच्या कडेला असती तर वावगं वाटलं नसतं. पण बैल पट्टीच्या मधोमध ओळीनं उभे होते, आणि एका रेषेच्या पुढं एकही माणूस नव्हता. त्या रेषेच्या दोन टोकांना लाकडी खांब, आणि खांबांच्या मध्ये काहीतरी चमकत होतं. बेगड. आंब्याच्या पानांचं तोरण.

मी मोडकच्या खांद्यावर मूठ हाणली. "वर! वर घे!"

त्यानं का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर हे प्रवासवर्णन दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या सुरात लिहिलं असतं. इंजिन ओरडलं, नाक वर गेलं, तोरण चाकांखालून गेलं. मागं वळून पाहिलं तर बैल चौखूर उधळले होते.

मोडकनं सातपुड्याच्या अलीकडे वळण घेतलं. मान मागं करून ओरडला, "अकोल्याला परत जाण्याइतकं इंधन नाही!" मलाही ते दिसत होतं. दिवस बुडायला आला होता. आजूबाजूची सगळी रानं पावसानं फुगलेली, त्यांत उतरलं की चाकं रुतून उलटणार, हे सांगायला कॅप्टन लागत नाही. "तू उडव," मी ओरडलो, "खाली मी बघतो." आणि मी बघत राहिलो. त्या वळणात मी भयंकर घाबरलो होतो, शालिनीचा चेहरा डोळ्यांपुढं येत होता, पण एक गोष्ट आता लिहिताना आठवते: मला पुढच्या खुर्चीत बसावंसं क्षणभरही वाटलं नाही. पुढं उडवणारा हवा होता तसा मागं बघणाराही हवा होता.

खाली काय चाललं होतं ते इंगळे गुरुजीनं नंतर सांगितलं. नेहमीचा पोळा मारुतीच्या पारापुढं भरतो, पण तिथं यंदा गुडघाभर चिखल, म्हणून आबांनी तो आपल्या पट्टीवर घेतला. तोरणाचा मान आबांच्या घराचा. त्यांचा बैल सगळ्यांच्या पुढं उभा राहतो, तो तोरणाखालून जातो तेव्हा तोरण तुटतं आणि मग गावचा पोळा फुटतो. त्याआधी कुणी तोरणाला हात लावायचा नाही. दुसऱ्या कशानं ते तुटलं, तर त्या सालचा मान गेला, आणि तो गावातल्या दुसऱ्या घराकडे जातो. त्या घराशी आबांचं कित्येक वर्षांचं वाकडं.

विमान डोक्यावरून गेल्यावर गुरुजी घरून झेंडे घेऊन पळत आला आणि ओरडला, "तोरन काढा! ते उतरून राह्यले!" कुणी हलेना. दुसऱ्या घरचे लोक आबांकडे पाहायला लागले. बायका आरतीची ताटं धरून उभ्या. पूजा व्हायची होती, कुंकू लावायचं होतं. कुणीतरी म्हणालं, त्यायले दुसरीकडे उतरू द्या, येवढं रान पडलं हाये.

आबांनी कंबरेचा विळा काढला. गुरुजी म्हणतो, त्यांनी वर एकदाही पाहिलं नाही, ना माणसांकडे पाहिलं. सरळ खांबाशी गेले आणि तोरणाचा दोर कापला.

आम्ही दुसऱ्यांदा आलो तेव्हा पट्टी मोकळी होती. गुरुजी मध्ये उभा राहून पांढरा झेंडा असा हलवत होता की त्याचा हात निखळून पडेल असं वाटलं. "पांढरा!" मी ओरडलो. "मोकळं आहे, ये!" मोडकनं विमान अलगद टेकवलं. इतकं सुरेख उतरणं मी स्वतः फार थोड्या वेळा केलं असेन, आणि ते मी त्याला तिथंच सांगितलं.

उतरल्यावर आरडाओरड होईल, निदान शिव्या तरी पडतील, असं वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. गावची चारपाच जुनी माणसं एका बाजूला जमली, थोडं बोलली आणि त्यांनी दुसऱ्या घराच्या माणसाला पुढं यायची खूण केली. तोरण पुन्हा बांधलं गेलं. बैल पुन्हा ओळीनं उभे राहिले.

आबांचा बैल पांढराशुभ्र, खांद्याशी जाड, पाठीवर आरशांची झूल. त्याला या भानगडीतलं काय कळणार? दर साली सगळ्यांच्या पुढं चालायची सवय, तो पुढं रेटत होता. आबा कासऱ्याला झोंबून त्याला मागं ओढत होते. बैल मान झटकून पुन्हा पुढं. त्या ओढाताणीत आबांचं मुंडासं सुटलं, गळ्यात आलं. "थांब बे राजा," ते त्याला समजावत होते, "यंदा मांगून जाचं हाये आपल्याले. थांब ना बे." बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. वाजंत्री लागली, तोरण तुटलं, पोळा फुटला, पोरासोरांनी कल्ला केला, आणि आबा दुसऱ्याच्या बैलामागून आपला बैल घेऊन गेले. मला तिथं उभं राहवेना. या माणसानं पिढ्यांचा मान माझ्यासाठी आपल्या हातानं कापला होता, आणि काल त्यांच्या तुपाला मी हसलो होतो.

संध्याकाळी त्यांच्या घरी पंगत बसली. आधी बैल जेवले, मग आम्ही. पुरणाची पोळी, तिच्यावर वाटीनं ओतलेलं तूप, कढी, भजी. मोडकनं आधी आबांचे पाय धरले.

"आबा, मी काल हो म्हणालो होतो. मला कळलंच नव्हतं."

"आमालेबी कोठी कळलं की तुमी येऊन राह्यले म्हून," आबा म्हणाले. "जेवा आता. पोळी थंडी होते."

मी म्हटलं, "आबा, तुमचा मान गेला आमच्यापायी."

त्यांनी भज्याचं ताट माझ्याकडे सरकवलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते त्यांनी लपवलंही नाही. "गेला ना. दुखते मले. खोटं काऊन सांगू? माह्या बापानं तो बैल कधी मांगं नाही उभा केला." मग म्हणाले, "पन मान गावानं देल्ला व्हता, साहेब. तुमी तिकडे कोठी पडले असते, तं त्या तोरनाखालून मी कोन्या तोंडानं गेलो असतो?"

त्यांच्या सूनबाईनं आतून आणखी एक पोळी आणून माझ्या ताटात टाकली आणि वर तूप. नको म्हणायला तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटलं, म्हणून मुकाट्यानं खाल्ली.

परतीची वाट

सकाळी मोडक जळगाव जामोदच्या स्टँडपर्यंत सोडायला आला. एस.टी. लागल्यावर त्यानं विचारलं, "मग मालकांना काय सांगू, सर?"

"सांग, येत नाही म्हणाले."

"आणि तिकडे? भास्करच्या हाताखाली?"

"काल तुझ्या हाताखाली होतोच की," मी म्हटलं. "काय कमी झालं माझं?"

त्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, औषधाचं असेल. मी त्याला तारा बघून उडायला सांगितलं. त्यानं हो म्हटलं. या वेळी तरी त्याचं हो खरं असावं. नांदुऱ्याला गाडीला वेळ होता, तेवढ्यात ऑफिसला तार केली: शिक्षण घेतो, उजवी खुर्ची चालेल. घरी पोचलो तेव्हा शालिनीनं दार उघडून चेहऱ्याकडे पाहिलं, ठरलंय हे ओळखलं आणि डबा घासायला घेतला.

त्याला आता काही महिने झाले. डाकोटा अजून पुरतं गेलं नाही, नव्या विमानांचं काय होणार तेही कुणी ठामपणे सांगत नाही, कँटीनमधल्या बातम्या चालूच आहेत. मी नागपूरच्या खेपेवर भास्करच्या उजवीकडे बसतो. तो अजून मला 'सर' म्हणतो, आणि चाकं खाली घेऊ का हे मी विचारलं की त्याचे कान लाल होतात.

आमची खेप संध्याकाळी नागपूरला जाते, तेव्हा खाली अंधार झालेला असतो. परत येते ती सकाळी. इतकी वर्षं त्या सकाळच्या वाटेवर मी डाव्या खिडकीशी होतो, त्यामुळे दक्षिणेकडचं लोणारचं गोल तळं मला तोंडपाठ. आता उजवीकडची खिडकी माझी. अकोला मागं पडलं आणि हवा स्वच्छ असली की उत्तरेला लांबवर सातपुड्याची निळी कड दिसते. गाव दिसत नाही, फार दूर आहे. तरी मी रोज तिकडे तोंड करून हात जोडतो.

परवा भास्करनं ते पाहिलं. "सर, तिकडे कोणतं देऊळ आहे?"

"देऊळ नाही, कॅप्टन," मी म्हटलं. "माझी माणसं आहेत."

त्याला 'कॅप्टन' म्हटलं, हे माझ्या मुंबई आल्यावर लक्षात आलं.